बरणीतला कापूस

बाबा,

तुमचं ते न जळणारं फडकं आईने लोणच्याच्या बरणीत भरून ठेवलंय. लिंबाच्या बरणीत, कैरीच्या नाही; कैरीची तिला लागते. झाकणावर मेणबत्तीचं मेण ओतलंय, मेणावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर बॉलपेनने ठळक लिहिलंय, 'ह्यांचा कापूस. उघडू नये.' तुम्ही गेल्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसले तर बरणीपासून सुरुवात होतेय. मी दर रविवारी वर्तमानपत्रात लोकांची टर उडवते, हाच माझा धंदा. सरळ पत्र कसं सुरू करतात ते मला येत नाही. एका कागदावर मायना घालून बघितला. इतका भारदस्त झाला की तुम्हीच मागे वळून बघितलं असतं, कोणाला लिहितेय म्हणून.

फडक्याचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. मी सहा वर्षांची आहे, तुम्ही जहाजावरून सुट्टीला आला आहात, आणि कोपरच्या आपल्या दीड खोलीत तुमची हिरवी ट्रंक उघडल्यावर चालायला जागा उरलेली नाही. बाकीच्या बायकांचे नवरे ट्रान्झिस्टर आणतात, वासाचे साबण आणतात. तुम्ही हातभर लांब, जाड पांढरं कापड काढता. कडा तुम्ही स्वतः निळ्या दोऱ्याने शिवलेल्या, एका कोपऱ्यात अडकवायला नाडी. आईचा चेहरा पडलाय, पण ती तो सावरतेय. तुम्ही स्टोव्ह पेटवता आणि ते कापड सरळ जाळावर धरता.

"अहो, अहो! हात!"

"हात जळेल, हे जळणार नाही. बघ तू."

आणि खरंच जळत नाही. काळंसुद्धा पडत नाही. त्या एका सुट्टीत तुम्ही हा प्रयोग शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना करून दाखवलात, आणि तुम्ही परत गेल्यावर आई दाखवायची. "आमच्या ह्यांनी आणलंय, जहाजावरचा कापूस आहे तो." पुढची बारा वर्षं तिने त्या फडक्याने पातेली उतरवली, कुकर उतरवला, तवा धरला. दर शनिवारी ती ते खिडकीत झटकायची. उन्हाच्या पट्ट्यात पांढरे बारीक कण तरंगत राहायचे आणि मी त्यात फुंकर मारून त्यांना नाचवायचे. माझा तो आवडता खेळ होता.

कापूस हा शब्द तुमचा. घरी कोणी युद्धाचं विचारलं की तुम्ही कापसाचंच सांगायचात. एकाहत्तरला तुम्ही एकवीस वर्षांचे होतात, जहाजाच्या पोटात, बॉयलर रूममध्ये स्टोकर. शत्रू दिसला नाही, तोफ दिसली नाही, समुद्रसुद्धा दिसला नाही. वर तोफ उडाली की खाली सगळं थरथरायचं आणि वाफेच्या पाइपांभोवती गुंडाळलेला कापूस झडायचा. केसांवर, भुवयांवर, चहाच्या मगात. तुम्ही तो बोटाने बाजूला सारून चहा प्यायचात. बंदरात आल्यावर जुना कापूस हाताने ओरबाडून काढायचा, नवा पाण्यात कालवून पाइपांवर थापायचा, आणि उरलेल्याचे गोळे करून एकमेकांना मारायचे. "धुळवडच खेळायचो म्हण ना," असं सांगताना तुम्ही इतके खूश व्हायचात. शाळेत बाईंनी विचारलं होतं, तुझ्या बाबांनी युद्धात काय केलं? मी उभी राहून सांगितलं, "चहातला कापूस काढला." अख्खा वर्ग हसला. दुसऱ्याच्या जिवावर हशा मिळवायची ती माझी पहिली वेळ.

दुसरी वेळ तुम्हाला चांगली लक्षात असेल, कारण मुख्याध्यापकांनी तुम्हाला बँकेतून बोलावून घेतलेलं. तोवर तुम्ही नौदल सोडून कल्याणच्या बँकेत चिकटला होतात, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी नववीत. शाळेच्या भित्तिपत्रकात मी गणिताच्या सरांवर लिहिलं होतं की ते उन्हाळ्यातही कानटोपी घालतात, कारण डोक्यातलं गणित बाहेर सांडेल अशी त्यांना भीती वाटते. सरांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं. ते सगळ्या शिक्षकांना माहीत होतं, मला नव्हतं. मला वाटलं, तुम्ही मोठ्यांचा मान वगैरे काढाल आणि मी तयारीत होते.  घरी आल्यावर दाराशी चपला काढताना तुम्ही म्हणालात, "बॉयलरवर पहिल्या दिवशी काय शिकवतात माहितीये? आधी गेज बघ, दाब किती आहे ते, मग व्हॉल्व्ह फिरव. तू व्हॉल्व्ह बरा फिरवतेस. गेज बघत नाहीस." एवढंच. आईने विचारलं काय झालं, तर "काही नाही, कानटोपीचं काहीतरी" म्हणालात. त्या दिवसापासून घरात गेज हा शब्द राहिला. भाजीत मीठ घालायच्या आधी गेज, रस्ता ओलांडायच्या आधी गेज, माझं लग्न ठरवतानाही तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "गेज बघितलास ना?" मी बघितला नव्हता. ते पुढे कळून आलंच.

आता मला न आवडणारा भाग. तुम्हाला दम लागायला लागला, छातीत पाणी झालं, आणि आपण तुम्हाला ठाण्यातल्या एका रुग्णालयात नेलं. सगळ्या तपासण्या व्हायच्या होत्या. एक तरुण डॉक्टर पॅड घेऊन तुमच्या खाटेपाशी आला, मराठी न येणारा. मी कानाला फोन लावून उभी, कारण माझा लेख छापखान्यात जायचा होता आणि संपादकाला शेवटचा परिच्छेद आवडत नव्हता. डॉक्टरने विचारलं, "बाबूजी क्या काम करते थे?" तुम्ही दोन श्वासांच्या मध्ये म्हणालात, "बॉयलर… कापूस…" त्याने माझ्याकडे बघितलं. मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "कॉटन. पूरी जवानी कॉटन में गई इनकी." घरातला जुना विनोद. त्याने विचारलं, "मिल?" मी मान डोलावली आणि पुन्हा फोनमध्ये शिरले. तुमच्याकडे वळूनही बघितलं नाही. आपल्या भागात त्या वयाचा प्रत्येक तिसरा माणूस गिरणीतून निवृत्त झालेला. त्याने निमूट लिहून घेतलं. बाबा, इतकी वर्षं विनोदी लिहितेय, पण सरकारदरबारी कायमचा नोंदला गेलेला माझा हा एकच विनोद.

फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, असं नंतर कळलं. चार महिन्यांत तुम्ही गेलात. आम्ही कोणी विचारलं नाही की सुपारीचं खांडही न खाणाऱ्या माणसाला हे कशाने झालं. होतं, असं म्हणायची पद्धत आहे, आम्ही म्हटलं.

मग तीन वर्षांपूर्वी टिटवाळ्याचे काका भेटले. तुमच्या बॉयलर रूममधले, तुम्हाला कापसाचा पहिला गोळा मारणारे ते. त्यांच्या नातीच्या लग्नाला आई आणि मी गेलेलो. काका खुर्चीत बसून होते, चार शब्द बोलले की थांबत होते. तुमचा आजार नेमका कुठला होता ते त्यांनी आईला विचारलं, आणि तिने सांगितल्यावर त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली.

"वहिनी, तो कापूस नव्हता हो."

"म्हणजे?"

"ॲस्बेस्टॉस होतं ते. आपण कापूस म्हणायचो." थांबले. "आमच्यातले पाच जण असेच गेले. मला पण तपासायला सांगितलंय. तुम्ही कागद का नाही केलेत? नोकरीमुळे आजार झाला, युद्धात तिथेच होता… त्याची वेगळी पेन्शन बसते."

 घरी आल्यावर आई स्टूल घेऊन माळ्यावर चढली, बहात्तराव्या वर्षी, आणि जुन्या कुकरच्या खोक्यातून फडकं काढलं. निळी शिवण तशीच होती. दुसऱ्या दिवशी मी तिला तपासायला नेलं, मीही तपासून घेतलं. फुप्फुसं दोघींचीही ठीक निघाली. डॉक्टरांनी फडक्याला हात लावायचा नाही, बंद करून ठेवायचं म्हटलं, आणि आईने बंद करून ठेवायची एकच रीत आयुष्यभर केलेली आहे. म्हणून बरणी.

कागद केले. तुम्ही स्टोकर होतात याची नोंद, जहाजाची नोंद, तुमच्या आजाराचा रिपोर्ट, काकांचं लिहून दिलेलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं, अर्ज नामंजूर. कारण, रुग्णालयाच्या नोंदीप्रमाणे मृत व्यक्ती कापड गिरणीत कामाला होती, सबब आजाराचा नौदलातल्या नोकरीशी संबंध दिसत नाही. मी ते आईला मराठीतून वाचून दाखवलं.

"गिरणी?" आई म्हणाली. "ह्यांनी गिरणीचा भोंगा ऐकला नाही कधी! कोणी लिहिलं हे?"

"डॉक्टरने."

"मेला कुठला! कानात काय बोळे घातलेले त्याने? कापूसच असेल कानात!"

 मी, जी आमदारांना सोडत नाही, ती दीड खोलीतल्या खाटेवर गप्प बसले. आई त्या डॉक्टरला पुढे दोन वर्षं शिव्या देत राहिली, आणि मी हो ला हो करत राहिले.

पेन्शनचं म्हणाल तर आईचं त्यावाचून अडलं नव्हतं. बँकेची आहे, नौदलाची साधी आहे, मी आहे. मी तिला म्हटलंही, "आई, सोड ना. कशाला हेलपाटे?" ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. "एकवीस वर्षांचा पोरगा तिथे खाली राबला, त्यातच गेला. त्यांच्या कागदावर हे आहे का? नाही. काय आहे? गिरणी. मी मरायच्या आधी मला ते 'नोकरीमुळे' लिहून पाहिजे. बास." आणि पोळी गोल लाटली. तुमच्या मागे ती तुमच्यासारखी बोलायला लागलीये, थोडकं.

म्हणून अपील करायला आम्ही ठाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. मी घोडबंदरच्या माझ्या घरून आधीच पोचून फाटकाशी उभी, आणि आई कोपरहून एकटी आली, हातात कापडी पिशवी. आत टेबलामागे एक मिशीवाले साहेब, वागण्यावरून माजी सैनिक. आईने पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

"आजी, खाण्याचं आत आणायचं नाही."

"खाण्याचं नाही. तुमच्या कागदात लिहिलंय ना, हे कापसात होते? हा बघा तो कापूस. काडी लावा, जळतोय का बघा."

साहेबांनी चिकटपट्टी वाचली आणि खुर्ची हातभर मागे सरकवली. "मॅडम, हे म्हणजे… ते का?"

"तेच," मी म्हटलं.

"मग इथे कशाला आणलंत!"

"का?" आई म्हणाली. "माझ्या ओट्यावर बारा वर्षं टांगलेलं होतं, तेव्हा नाही कोणी खुर्ची मागे घेतली."

 साहेब माणूस बरा होता. उठून स्वतः पाणी आणलं, बरणी अदबीने आईच्या पिशवीत परत ठेवली आणि म्हणाले, "आजी, बरणी फाइलला लावता येत नाही. पण तुमचं अडलंय ते गिरणीवर. ती नोंद कशी झाली त्याचं प्रतिज्ञापत्र द्या. डॉक्टरला माहिती ज्याने दिली, त्याचं. कोणी दिली होती?"

मी तोंड उघडलं. शब्द निघायच्या आत आई म्हणाली, "त्या डॉक्टरलाच कमी ऐकू यायचं."

प्रतिज्ञापत्र मी तिला न सांगता केलं. कल्याणला कोर्टाबाहेर टाइप करणारे बसतात, त्यातल्या एका चष्मेवाल्याला मजकूर मराठीत सांगितला, तो इंग्रजीत उतरवत होता. 'मी शपथेवर लिहून देते की माझे वडील कधीही गिरणीत नव्हते. बॉयलरच्या पाइपांवरील ॲस्बेस्टॉसला ते कापूस म्हणत. डॉक्टरांनी त्यांचा व्यवसाय विचारला असता मी, त्यांची मुलगी, गमतीने कॉटन असे म्हणाले.' त्याची बोटं थांबली.

"मॅडम, गमतीने नको. अनवधानाने टाकू? सगळे तेच टाकतात."

"नको. गमतीनेच."

"साहेब लोक वाचतात हो. बरं दिसत नाही."

"ते मला माहितीये. तुम्ही टाका."

व्यवसायाच्या रकान्यात त्याने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, विनोदी लेखन. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे, आणि मुकाट्याने टाइप केलं. इंग्रजीतला तो कागद मी जोडला आणि आईला म्हटलं, पत्त्याचा पुरावा मागितला होता, तो दिला.

या मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. "पाकीट आलंय. फोनवर नको, तू ये." घोडबंदरच्या गर्दीत अडकून मी दोन तासांनी पोचले. आईने पाकीट फोडलेलंही नव्हतं. देव्हाऱ्यात नाही, तुमच्या फोटोपुढेही नाही, ओट्यावर ठेवलं होतं, फडकं जिथे टांगायची त्या खिळ्याखाली. बाजूला बरणी. मी उभ्या उभ्या वाचलं. एक पान, सगळं इंग्रजी, सगळं एका वाक्यात. मी एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा आपला शब्द?" आईने चष्मा चढवला.

"हो. ॲट्रिब्युटेबल."

"म्हणजे काय?"

"नोकरीमुळे. बाबा नोकरीमुळे गेले असं लिहिलंय. अपील मान्य."

"एवढंच ना? मग एवढा लांब शब्द कशाला." तिने कागद डोळ्यांजवळ नेला, त्या शब्दावरून अंगठा फिरवला, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नक्की ना गं? मागे कॉटन सांगितलंस, तसं नको."

बाबा, मी ओट्याला टेकले.

"तू ऐकलेलंस?"

"मी काय बहिरी आहे? खाटेमागेच होते, तांब्यात पाणी ओतत."

"मग इतकी वर्षं त्या डॉक्टरला…"

"तो कुठे ऐकायला आला होता?" तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आणि तू फोनवर होतीस, तू बघितलं नाहीस. हे हसले होते. पूरी जवानी कॉटन में, म्हणालीस ना, त्याला. धाप लागलेली, तरी हसले. तिथे असताना तेवढंच एकदा हसले. मग मी तुला काय बोलू?"

हे मला सोळा वर्षं माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मी तुमचं नाव चुकीच्या खात्यावर टाकलं. तुम्ही हसलात हे मला कोणी सांगितलं असतं तर मी लिहायचं सोडलं असतं की आणखी लिहिलं असतं, ते कळत नाही. आई मात्र चहाला आधण ठेवून मोकळी झाली. काकांना टिटवाळ्याला फोन लावून तिने तो इंग्रजी शब्द तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारला, आणि काकांना तिन्ही वेळा समजला. त्यांचेही कागद आता आम्हीच करणार आहोत. बरणीचं काय करायचं विचारलं तर म्हणाली, "असू दे. काकांच्या वेळेला लागेल."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. फाइलमध्ये त्या एका पानाच्या मागे लावून ठेवीन. एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. तिने 'नक्की ना' विचारलं तेव्हा मी छातीठोक म्हटलं, नक्की. मग तोंड धुते म्हणून आत गेले, कपाटातून तुमची बँकेतली जाडजूड डिक्शनरी काढली आणि तो शब्द बघितला. बरोबर निघाला. पण व्हॉल्व्ह आधी फिरवला, बाबा. गेज नंतर बघितला.